दूरच्या प्रवासाला कोणता कॅम?

शनिवारी पहाटे निघोजे, महाळुंगे, खराबवाडी या गावांतून नाशिक महामार्गाकडे निघालेली, मागे सामानाच्या पिशव्या बांधलेली मोटारसायकल हे आता नेहमीचे दृश्य झाले आहे. निघोज्याच्या हद्दीत फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. शेजारच्या महाळुंग्यात बजाज ऑटोचा कारखाना असून, डोमिनार, केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या चाकणच्या याच पट्ट्यात तयार होतात. आठवडाभर मायक्रोमीटर हातात घेऊन काम करणाऱ्या येथील तरुणाला सुटीच्या दिवशी स्वतःच्या गाडीचे इंजिन खुणावू लागले, तर त्यात नवल नाही.

सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, की पुढचा प्रश्न हमखास येतो तो कॅमशाफ्टचा. कंपनीने बसवलेला कॅम काढून बाजारात मिळणारा ‘परफॉर्मन्स’ कॅम बसवला, तर घाटात गाडी दबणार नाही, दोघांचे वजन आणि सामान घेऊनही ओव्हरटेक सहज होईल, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा अगदीच चुकीची नाही. मात्र कॅमची निवड चुकली, तर याच गोष्टी पूर्वीपेक्षा वाईट होतात आणि ते बहुधा घरापासून चारशे किलोमीटरवर कळते. म्हणूनच पैसे मोजण्यापूर्वी हा दांडा नेमके काय करतो, हे समजून घेणे इष्ट.

एका दांड्यावरचे वेळापत्रक

इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेणारा एक व्हॉल्व्ह असतो आणि जळालेला वायू बाहेर सोडणारा दुसरा. हे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे, याचे वेळापत्रक कॅमशाफ्टवर कोरलेले असते. दांड्यावरील अंडाकृती उंचवट्यांना कारागीर ‘लोब’ म्हणतात. लोबचा आकार म्हणजेच ते वेळापत्रक. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. इंजिन सहा हजार आरपीएमवर फिरत असेल, तर कॅम मिनिटाला तीन हजार फेरे घेतो. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो आणि बंद होतो.

येथेच खरी अडचण सुरू होते. आत येणाऱ्या हवेलाही वजन असते, वेग असतो. इंजिन सावकाश फिरत असताना व्हॉल्व्ह लवकर बंद झाला पाहिजे, नाहीतर वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा पुन्हा बाहेर ढकलतो. इंजिन जोरात फिरत असताना मात्र व्हॉल्व्ह उशिरा बंद झालेला बरा, कारण वेगाने धावत येणारी हवा पिस्टन वर निघाल्यानंतरही आत शिरत राहते. एकच ठरलेले वेळापत्रक या दोन्ही गरजा पूर्णपणे भागवू शकत नाही. कॅम बदलणे म्हणजे इंजिनाची ताकद एका वेगावरून दुसऱ्या वेगाकडे सरकवणे होय. वर काही मिळवायचे, तर खाली काही द्यावे लागते.

यामाहाने आर१५ च्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीत यावर उपाय केला. तिच्या १५५ सीसी इंजिनात इनटेक व्हॉल्व्हसाठी दोन वेगवेगळे लोब आहेत आणि ७,४०० आरपीएमच्या सुमारास इंजिन एकावरून दुसऱ्यावर जाते. बहुतेक प्रवासी गाड्यांना ही सोय नाही. त्यांना एकाच लोबवर भागवावे लागते.

डोमिनारचा धडा

कॅमच्या रचनेने काय बदलते, हे पाहण्यासाठी चाकणबाहेर जाण्याची गरज नाही. बजाजने डिसेंबर २०१६ मध्ये डोमिनार ४०० बाजारात आणली, तेव्हा तिच्या ३७३ सीसी इंजिनाच्या माथ्यावर एकच कॅमशाफ्ट होता. त्या इंजिनाची ताकद ८,००० आरपीएमला ३५ पीएस आणि टॉर्क ६,५०० आरपीएमला ३५ न्यूटन-मीटर होता. २०१९ मध्ये कंपनीने इनटेक आणि एक्झॉस्टसाठी स्वतंत्र असे दोन कॅमशाफ्ट दिले, सायलेन्सरही बदलला. ताकद ८,६५० आरपीएमला ४० पीएसपर्यंत गेली. टॉर्कचा कमाल आकडा मात्र तोच राहिला, ३५ न्यूटन-मीटर. फक्त तो आता ७,००० आरपीएमला मिळू लागला.

पाच पीएस वाढले आणि टॉर्क तसूभरही वाढला नाही, हे वाचून वाचक चक्रावेल. पण गणित सोपे आहे. टॉर्कला आरपीएमने गुणून ७,०२४ ने भागले, की पीएसमधील ताकद मिळते. जुन्या इंजिनात ८,००० आरपीएमला टॉर्क ३०.७ न्यूटन-मीटरपर्यंत घसरलेला होता. नव्या इंजिनात ८,६५० आरपीएमलाही तो ३२.५ होता. म्हणजे वरच्या वेगात इंजिनाचा श्वास अधिक काळ टिकला आणि त्यातूनच पाच पीएस आले. जो चालक सात हजारांच्या वर कधी जातच नाही, त्याच्या वाट्याला या पाचांपैकी फारसे काही येत नाही.

त्यानंतरची गोष्ट अधिक बोलकी आहे. २०२० च्या बीएस-६ आवृत्तीत ताकद ४० पीएसच राहिली, पण कमाल टॉर्क पुन्हा ६,५०० आरपीएमवर आला. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने हीच गाडी प्रवासासाठी सज्ज करून विकायला काढली. उंच विंडशील्ड, हातांचे रक्षक, सामानाचे कॅरियर, इंजिन गार्ड, मोबाइल चार्जिंगची सोय असे सारे त्यात दिले. इंजिनाची ताकद आणि टॉर्क जिथल्या तिथे राहिले. दूरच्या प्रवासात चालकाला काय लागते, याविषयी निर्मात्याचे मत त्या यादीत वाचता येते.

काटा कुठे राहतो?

कॅम निवडताना पहिला प्रश्न कॅटलॉगला विचारायचा नसतो, तो आपल्या टॅकोमीटरला विचारायचा असतो. दिवसभराच्या प्रवासात काटा सर्वाधिक वेळ कोणत्या आकड्यांमध्ये असतो? रॉयल एन्फिल्डची ६५० सीसीची जुळी सिलिंडरवाली गाडी सहाव्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला चार हजारांच्या आसपास फिरते. तिचा सुमारे ५२ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क पाच हजारांच्या थोडा वर मिळतो. अशा गाडीत साडेसात हजारांवर ताकद देणारा कॅम घातला, तर चालकाने मोजलेले पैसे काट्याच्या ज्या भागात कामाला येतात, तेथे तो क्वचितच पोहोचतो.

महाराष्ट्रात तर हे अधिकच खरे आहे. वरच्या आरपीएमवर तासन् तास गाडी चालवता येईल असे जे रस्ते राज्यात झाले, ते मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग, दोन्ही दुचाकींना बंद आहेत. निघोज्याहून निघालेल्या मोटारसायकलला मुंबईकडे जायचे तर तळेगाव दाभाडे, लोणावळा, खंडाळा असा जुना महामार्गच धरावा लागतो. माळशेजला जायचे तर नारायणगाव, आळेफाटा, ओतूर. या वाटांवर गावे येतात, ट्रक येतात, ऊस भरलेले ट्रॅक्टर येतात, गतिरोधक येतात. तीस-चाळीसच्या वेगावरून ऐंशीपर्यंत पुन्हा पुन्हा यावे लागते. येथे उपयोगी पडतो तो तीन ते सहा हजार आरपीएममधील टॉर्क, ज्याला सर्वसामान्य चालक ‘पिकअप’ म्हणतो.

कॅटलॉगमधील चार आकडे

कंपनीबाहेरच्या कॅमचा सर्वांत मोठा बाजार अमेरिकेत, हार्ले-डेव्हिडसनच्या अवजड प्रवासी गाड्यांभोवती उभा राहिला आहे. बुलेटसाठीही ब्रिटनमधील विक्रेते असे कॅम देतात. प्रत्येक कॅमसोबत आकड्यांचा एक तक्ता येतो. त्यातील चार आकडे नीट वाचता आले, तरी निम्मे काम होते.

पहिला आकडा लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो याचा. काही अमेरिकी कॅमच्या नावातच तो दडलेला असतो. ‘४७५’ म्हणजे ०.४७५ इंच, सुमारे १२ मिलिमीटर. कालावधी फारसा न वाढवता लिफ्ट माफक वाढवली, तर खालचा टॉर्क न गमावता मधला वाढू शकतो. म्हणून प्रवासी कॅममध्ये हा बदल पसंत केला जातो. अर्थात व्हॉल्व्ह जितका जास्त उघडेल, तितका स्प्रिंग आणि गाइडवरचा ताण वाढतो.

दुसरा आकडा कालावधीचा. व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो, ते हा आकडा सांगतो. कालावधी वाढला की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते. येथे एक फसगत होते. कोणी हा कालावधी व्हॉल्व्ह हलू लागल्यापासून मोजतो, कोणी तो एक मिलिमीटर उचलल्यानंतर, तर अमेरिकी उत्पादक बहुधा ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर उचलल्यानंतर मोजतात. एकाच कॅमचे हे तीन आकडे एकमेकांहून बरेच वेगळे येतात. दोन कॅमची तुलना करताना मोजण्याची पद्धत एकच आहे ना, हे आधी पाहावे.

तिसरा आकडा दोन लोबमधील कोनाचा. त्यावरून ओव्हरलॅप कळतो, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किती अंश उघडे राहतात ते. इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्हींचा कालावधी २४० अंश आणि कोन १०५ अंश असेल, तर ओव्हरलॅप ३० अंश येतो. कोन तोच ठेवून कालावधी २६० केला, की तो ५० होतो. वरच्या वेगात बाहेर धावणारा जळका वायू आपल्यामागे नवे मिश्रण ओढून घेतो, म्हणून ओव्हरलॅप लाभतो. खालच्या वेगात तोच जळका वायू उलट आत शिरतो, तर थोडे पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जाते. गाडी आयडलवर धडधडते, अ‍ॅव्हरेज घसरतो. ती धडधड काहींच्या कानाला गोड लागते. दिवसाला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याच्या मनगटांना ती तशी लागत नाही.

चौथा आकडा इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याच्या क्षणाचा. चौघांत हाच सर्वांत महत्त्वाचा, आणि खरेदीदार नेमके याच्याकडेच दुर्लक्ष करतो. पिस्टन तळाला पोहोचून वर निघाल्यानंतर किती अंशांनी हा व्हॉल्व्ह मिटतो, त्यावर खालच्या वेगात सिलिंडरमध्ये प्रत्यक्ष किती दाब निर्माण होतो ते ठरते. प्रवासासाठी हा आकडा लहान असलेला कॅम शोधावा. मोठा आकडा असलेला कॅम सहसा वाढीव कॉम्प्रेशनच्या पिस्टनबरोबर वापरण्यासाठी घडवलेला असतो. कंपनीच्या पिस्टनवर तो बसवला, तर गाडी खाली सुस्त होते आणि वरही पूर्ण खुलत नाही.

घाट, उष्णता आणि उंची

मग इनटेक व्हॉल्व्ह शक्य तितका लवकर बंद करणारा कॅम घ्यावा, असे कोणी म्हणेल. त्यालाही मर्यादा आहे. व्हॉल्व्ह लवकर मिटला की सिलिंडरमधील दाब वाढतो. एप्रिल-मे महिन्यात दोन माणसे आणि सामान घेऊन, वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळून घाट चढताना त्या दाबाखाली पेट्रोल वेळेआधीच पेट घेऊ शकते. इंजिनातून खड्यांसारखा आवाज येतो, त्याला नॉकिंग म्हणतात. ते फार काळ चालू राहिले, तर पिस्टनचे नुकसान होते. ज्या गाडीचे कॉम्प्रेशन मुळातच जास्त आहे आणि जी हवेवर थंड होते, तिच्या मालकाने याबाबत विशेष जपावे.

लडाखचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ५,३५९ मीटर उंचीवरील खारदुंग ला येथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी विरळ असते. त्या प्रमाणात प्रत्येक इंजिनाची ताकद घटते. इंजेक्शनची यंत्रणा पेट्रोल कमी करून मिश्रण सांभाळते. नसलेली हवा ती आणू शकत नाही आणि कॅमही आणू शकत नाही. उशिरा बंद होणारा कॅम तेथे खालच्या गिअरमध्ये अधिकच त्रास देतो.

कॅमबरोबर येणारा खर्च

कॅमची किंमत हा एकूण खर्चाचा एक भाग आहे. लिफ्ट वाढली की स्प्रिंगची वेटोळी एकमेकांवर टेकत नाहीत ना, हे मोजावे लागते. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधील मोकळी जागा तपासावी लागते. हेड उघडून पिस्टनवर मऊ मातीचा थर ठेवायचा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे आणि मातीवरचा ठसा मोजायचा, ही जुनी पद्धत आजही विश्वासार्ह आहे. हे न करता ‘सगळ्यांना बसतो’ या भरवशावर कॅम बसवला आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागला, तर खर्च कॅमच्या कितीतरी पट होतो. टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर जुना असेल, तर तोही त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे.

कॅमचा धातूही पाहायला हवा. या विषयात महाराष्ट्राला दूर पाहावे लागत नाही. १९९२ मध्ये स्थापन झालेली सोलापूरची प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगभरातील मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरवते. तिचे नाव ज्या पद्धतीशी जोडले गेले, त्या ‘चिल्ड’ ओतकामात साच्यात लोबच्या जागी धातूचे तुकडे ठेवतात. तेथे लोखंड झटकन थंड होऊन पृष्ठभाग कठीण बनतो आणि आतला गाभा मशिनिंगला सोपा राहतो. हा कठीण थर मर्यादित जाडीचा असतो. जुना कॅम घासून ‘नवा’ आकार देण्याचा स्वस्त पर्याय म्हणूनच जोखमीचा आहे. थर घासला गेला की लोब झिजतो, टॅपेट वाजू लागतात आणि त्याचा चुरा तेलातून इंजिनभर फिरतो.

शेवटचा खर्च ईसीयूचा. इनटेकमधील दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या गाडीत ओव्हरलॅप वाढला की तो दाब बदलतो आणि ईसीयूचा हिशेब चुकतो. गाडी मिसिंग मारते किंवा बंद पडते. त्यामुळे कॅमनंतर डायनोवर नवे मॅपिंग करणे अपरिहार्य ठरते. कॅम बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आलेख मागावेत. आलेखाच्या टोकाकडे पाहण्याऐवजी तीन ते सहा हजारांमधील रेघ वर गेली की खाली आली, ते तपासावे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅम बाहेरून दिसत नाही आणि सीसी बदलत नाही, म्हणून तो सुरक्षित, असा समज असतो. परंतु वाहनाला मिळालेली प्रदूषणविषयक मान्यता त्या मूळ कॅमसह, मूळ मॅपिंगसह मिळालेली असते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ही मर्यादा अधिक कडक आहे. वॉरंटी तर जातेच. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरू शकतो. वॉरंटीतील गाडीच्या इंजिनाला हात लावू नये, हा साधा नियम येथे पुरेसा आहे.

निर्णय कसा घ्यावा?

गाडी घाटात दबत असेल, तर आधी स्वस्त कारणे तपासावीत. सैल किंवा घट्ट टॅपेट, तुंबलेला फिल्टर, जुना प्लग, ताणलेली चेन, कमी हवा असलेला टायर. त्यानंतरही तक्रार राहिली, तर पुढचे स्प्रॉकेट पाहावे. पंधरा दातांऐवजी चौदा दातांचे लावले, की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. त्याच प्रमाणात इंजिनही अधिक फिरते, म्हणून महामार्गावर थोडी थरथर आणि पेट्रोलचा थोडा जादा खर्च सोसावा लागतो. पण हा बदल तासाभरात होतो आणि आवडला नाही तर तासाभरात परतही फिरवता येतो. कॅमच्या बाबतीत ती मुभा नाही.

कॅम बदलणे योग्य ठरते, असेही प्रसंग आहेत. वॉरंटी संपलेली, बरेच किलोमीटर चाललेली गाडी. मूळ कॅम झिजल्यामुळे हेड उघडावेच लागणार आहे. मालकाला आपला काटा कुठे राहतो हे ठाऊक आहे. जवळ डायनोची सोय आहे. अशा वेळी माफक वाढीव लिफ्ट, कंपनीच्या जवळपास कालावधी, कमी ओव्हरलॅप आणि लवकर मिटणारा इनटेक व्हॉल्व्ह असा कॅम, त्याच उत्पादकाने सुचवलेल्या स्प्रिंगसह घ्यावा. दोन कॅममध्ये मन द्विधा झाले, तर त्यातील लहान घ्यावा. आणि काढलेला कॅम तेल लावून जपून ठेवावा.

रविवारी रात्री परतणाऱ्या गाडीला चाकणच्या तळेगाव चौकातील कोंडी चुकत नाही. मागे सोबती, दोन्ही बाजूंना सामान, पुढे कंटेनरची रांग, आणि निघोज्यापर्यंतचे उरलेले अंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. त्या अर्ध्या तासात दोन-अडीच हजार आरपीएमवर न गचकता, न तापता, न बंद पडता जी गाडी चालते, तिचा कॅम बरोबर निवडला गेला आहे असे समजावे. बहुतेकांच्या गाडीत तो कारखान्यातूनच आलेला असतो.